गावाच्या वारशाचं ॲप करायचंय, पण सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही माध्यमिक शाळेत इतिहास शिकवता. गावाला जुनी तटबंदी आहे, काही राहती तर काही पडीक जुनी घरं आहेत, एक पुसट झालेला शिलालेख आहे आणि हातमागावर बसणारी बहुधा शेवटची पिढी आहे. पर्यटक यावेत म्हणून एका वर्षासाठी थोडा निधी मिळालाय. समितीतल्या बहुतेकांना मोबाईल ॲप हवंय, त्यात पडलेली तटबंदी फोनच्या पडद्यावर उभी राहिलेली दिसायला हवी आणि त्यासाठीची माहिती मुलांनी गोळा करावी. कोणतं तंत्रज्ञान घ्यावं आणि नववीच्या मुलांना हे झेपेल का, असं तुम्ही विचारलंय.

मुलांना झेपेल. ॲपबद्दल मात्र मी आधीच हात आखडता घेतो. वारसास्थळांच्या डिजिटल नोंदी करणं आणि शाळांना त्या कामात उतरवणं हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे अशा समित्यांच्या बैठकांना मी बराच बसलोय. निधी आला की पहिली मागणी ॲपची होते, कारण ॲपचं उद्घाटन करता येतं. फाईल नीट नाव देऊन जपून ठेवली, याचं उद्घाटन कोणी करत नाही. पण तेराव्या महिन्यात, पैसे संपल्यावर, गावाच्या हातात काय उरणार, हा तुमचा खरा प्रश्न आहे. तो सुटला की तंत्रज्ञानाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

ॲपची अडचण साधी आहे. फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीम दरवर्षी बदलतात आणि अद्ययावत न केलेली ॲप काही काळाने स्टोअरमधून काढली जातात किंवा नव्या फोनवर चालेनाशी होतात. म्हणजे ॲप करण्याच्या खर्चाइतकाच ते जिवंत ठेवण्याचा खर्च महत्त्वाचा असतो आणि तो तुमच्या निधीत धरलेला नाही. एका ठिकाणी तर ॲप बंद पडल्यावर असं कळलं की मुलांनी काढलेले मूळ फोटोही फक्त त्या कंत्राटदाराच्या सर्व्हरवर होते. त्याचं बिल थकलं आणि सर्व्हर गेला. दुसरी गोष्ट पर्यटकाच्या बाजूची. दोन तासांसाठी आलेला माणूस, रेंज जेमतेम, फोनची बॅटरी अर्ध्यावर. तो तुमच्या गावासाठी वेगळं ॲप उतरवून घेत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून उघडणारं हलकं वेबपान मात्र तो बघतो. मोठ्या संग्रहालयाकडे कायमचे कर्मचारी असतील, इमारतीत वाय-फाय असेल आणि लोक चार-पाच तास आत फिरत असतील, तर ॲपचा विचार जरूर करावा. तुमची परिस्थिती तशी दिसत नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, कारण तुम्ही जे करू पाहताय ते याआधी फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. इंग्लंडमध्ये 1086 साली राजाने देशभरातल्या जमिनींची आणि मालमत्तेची पाहणी करून घेतली. तिची नोंदवही 'डूम्सडे बुक' म्हणून ओळखली जाते. तिला 900 वर्षं झाली म्हणून 1986 साली बीबीसीने नवा डूम्सडे प्रकल्प केला. हजारो शाळा त्यात उतरल्या, दहा लाखांहून अधिक लोकांचा हातभार लागला आणि त्यात मोठा भरणा शाळकरी मुलांचा होता. देशाच्या नकाशाचे 4 किलोमीटर बाय 3 किलोमीटरचे चौकोन पाडून वाटून दिले. आपल्या चौकोनात काय आहे, लोक काय काम करतात, दिवस कसा जातो हे मुलांनी लिहिलं, फोटो काढले. हे सगळं त्या वेळच्या अत्याधुनिक लेझरडिस्कवर ठेवलं आणि ती वाचायला खास यंत्र लागायचं. ते यंत्र इतकं महाग होतं की ज्या शाळांनी माहिती पाठवली त्यांतल्या अनेकांना ते घेता आलं नाही. पंधरा-सोळा वर्षांत चालू स्थितीतली यंत्रं दुर्मीळ झाली आणि ती माहिती बाहेर काढण्यासाठी लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांना जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहावं लागलं. 2011 साली मुलांनी लिहिलेला भाग इंटरनेटवर आला, पुढे ते संकेतस्थळही बंद झालं आणि आता तो ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वेब संग्रहात आहे. चामड्यावर लिहिलेली 1086 ची वही आजही उघडून वाचता येते.

या गोष्टीवरून बरेच जण 'डिजिटल म्हणजे तकलादू' असा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. माहिती बचावली, कारण ती मुळात चांगली होती. प्रत्येक नोंद नकाशावरच्या ठरावीक चौकोनाशी बांधलेली होती, म्हणून ती सोडवण्यासाठी एवढी खटपट करावीशी वाटली. दाखवण्याचं साधन आणि मूळ नोंद एकमेकांत अडकवली, ही तिथली अडचण होती. तुम्ही त्या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा.

चांगल्या नोंदीचं आयुष्य किती असतं, याचं दुसरं उदाहरण बामियानचं. अफगाणिस्तानातल्या त्या प्रचंड बुद्धमूर्ती 2001 च्या मार्चमध्ये उडवून दिल्या. त्यानंतर झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी मोठ्या मूर्तीचं थ्रीडी प्रारूप तयार केलं, त्यात सर्वांत अचूक प्रारूप ज्या फोटोंवरून झालं ते एका ऑस्ट्रियन प्राध्यापकाने 1970 साली मोजणीच्या कॅमेऱ्याने काढलेले होते. फोटो काढताना थ्रीडी प्रारूप कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण ते शिस्तीत काढलेले आणि जपलेले होते.

तेव्हा मुलांचं काम 'ॲपसाठी कंटेंट' असं समजू नका. मुलं गावाची नोंद करतायत. त्यातून पुढे पान, फलक, गाईडची सहल, अगदी ॲपसुद्धा काढता येईल.

नोंद म्हणजे काय, ते एका नमुन्यावरून दाखवतो. जुन्या घराची कोरीव लाकडी चौकट आहे. विद्यार्थी पहिल्या फेरीत लिहितो: 'खूप जुना व सुंदर कोरीव दरवाजा.' याचा कोणालाच उपयोग नाही. मी शाळांना एक तक्ता देतो, त्यात ठिकाण, तारीख, नोंद करणाऱ्याचं नाव आणि मोजमाप यांच्या खाली चार रकाने असतात: पाहिलं, ऐकलं, वाचलं, अंदाज. तोच विद्यार्थी दुसऱ्यांदा जातो आणि लिहितो. पाहिलं: उजव्या खांबावर वेलीची नक्षी वरपासून खालपर्यंत, डाव्या खांबाचा खालचा हातभर भाग साध्या, फिकट लाकडाचा, नक्षी तिथे तुटते. ऐकलं: घरातल्या आजी म्हणतात, त्यांच्या सासऱ्यांच्या काळात वाळवी लागली तेव्हा तेवढा तुकडा बदलला. वाचलं: काही नाही. अंदाज: बाकीची चौकट त्याहून जुनी असावी. आता या नोंदीतून दुरुस्ती करणाऱ्या सुताराला काहीतरी कळतं, इतिहासाच्या अभ्यासकालाही कळतं, आणि पर्यटकाला सांगायला एक खरीखुरी गोष्ट मिळते. 'सुंदर' हा शब्द कुठेही आलेला नाही.

हे चार रकाने म्हणजेच तुमचा इतिहासाचा तास. पुरावा कशाला म्हणायचं, ऐकीव माहितीचं काय करायचं, दोन आजी दोन वेगळ्या हकिकती सांगतात तेव्हा दोन्ही लिहून ठेवायच्या की एक निवडायची (दोन्ही लिहायच्या, नावानिशी), हे सगळं मुलं पुस्तकापेक्षा इथे लवकर शिकतात. आणि आता तर याची गरज जास्तच आहे. एआयला सांगितलं की दोन मिनिटांत तो तुमच्या तटबंदीचा छानसा इतिहास लिहून देतो, वाक्यं सफाईदार असतात आणि त्यातलं खरं किती, ते वाक्यावरून कळत नाही. मुलाखतीचं टंकन, भाषांतराचा पहिला खर्डा यासाठी त्याची मदत जरूर घ्या. बोलीतले शब्द आणि माणसांची नावं मात्र तो हमखास चुकवतो, तेव्हा मूळ ध्वनिमुद्रण ऐकत प्रत तपासून घ्या. ज्या वाक्याला चारपैकी एकही रकाना लागू होत नाही, ते वाक्य नोंदीत जाणार नाही, एवढा नियम पुरतो.

शिलालेखाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मुलांना सर्वांत आधी तिथेच न्या. भर दुपारी दगड सपाट दिसतो आणि अक्षरं लागत नाहीत. अंधार पडल्यावर जा. फोन स्टँडवर घट्ट बसवा, तो हलता कामा नये. एका मुलाने टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाकायचा: आधी डावीकडून, मग वरून, मग उजवीकडून, मग खालून, आणि दर वेळी एक फोटो. तिरक्या उजेडात झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि दिवसा नसलेल्या ओळी वर येतात. डावीकडच्या प्रकाशात उभ्या रेघा उठतात, वरच्या प्रकाशात आडव्या. म्हणून सगळ्या बाजू घ्यायच्या. वर्गातलं सगळ्यात दंगेखोर पोरगं इथे श्वास रोखून टॉर्च धरताना मी पाहिलंय. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यात खडू, तेल, रंग किंवा पीठ भरणं मात्र पूर्ण बंद. पूर्वी चांगल्या हेतूने लोकांनी हे केलंय आणि दगडाची वाट लावलीय. वाचन मुलांनी करायचं नाही. ते लिपितज्ज्ञाकडे पाठवायचं, आणि असे फोटो असले की तज्ज्ञ घरबसल्या बरंच वाचू शकतो.

थ्रीडीसाठी महागडा स्कॅनर लागत नाही. साध्या फोनने, ढगाळ दिवशी, वस्तूभोवती हळूहळू फिरत फोटो काढायचे. शेजारच्या दोन फोटोंत साधारण 70 ते 80 टक्के भाग सामाईक हवा आणि चौकटीत एक मोजपट्टी दिसायला हवी. सॉफ्टवेअर त्यातून प्रारूप बांधतं. उद्या सॉफ्टवेअर बदलेल, म्हणून मूळ फोटो टाकून द्यायचे नाहीत. प्रारूप पुन्हा बांधता येतं, फोटो पुन्हा काढता येतीलच असं नाही.

मुलाखतींबद्दल थोडक्यात: फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, माईक बोलणाऱ्याच्या जवळ. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची जतनासाठीची किमान शिफारस 48 किलोहर्ट्झ, 24 बिट अशी आहे आणि बरीच मोफत ध्वनिमुद्रण ॲप त्या दर्जाची डब्ल्यूएव्ही फाईल (आवाज न दाबता जशाचा तसा ठेवणारी) देतात. फाईलच्या नावात आधी तारीख, मग ठिकाण, मग क्रमांक. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक गावाबाहेर. हे कंटाळवाणं काम एका नीटनेटक्या विद्यार्थ्याकडे द्या, असा एक प्रत्येक वर्गात असतो.

संमतीचा भाग मात्र थोडक्यात उरकता येणार नाही. जे जुनं ते सगळं सर्वांसाठी खुलं, असं गृहीत धरून हे प्रकल्प सुरू होतात आणि तिथेच गावात भांडणं लागतात. ऑस्ट्रेलियात वारुमुंगू या आदिवासी समाजाबरोबर काम करताना 'मुकुर्तु' नावाची संग्रहप्रणाली तयार झाली. कोणती गोष्ट कोणी पाहावी, हे त्या समाजाच्या रीतीप्रमाणे तिच्यात ठरवता येतं; मृत व्यक्तींचे फोटो, फक्त स्त्रियांनी किंवा फक्त पुरुषांनी जाणायच्या गोष्टी तशाच राखता येतात. तुम्हाला ती प्रणाली लागेलच असं नाही, पण 'हे कोणी पाहावं?' हा प्रश्न प्रत्येक नोंदीपुढे विचारायला हवा.

तुमचे विणकरच घ्या. त्यांच्या नक्षीचा आलेख स्वच्छ फोटोसह इंटरनेटवर टाकलात, तर पहिला फायदा पर्यटनाला होणार नाही, यंत्रमागावर तीच नक्षी काढणाऱ्याला होईल. म्हणून मी दोन संच करायला सांगतो. एक उघडा: माग, हात, आवाज, सूत भरण्याची पद्धत, माणसाची हकिकत. दुसरा बंद: पूर्ण आलेख, रंगांची प्रमाणं. तो विणकरांच्याच ताब्यात, त्यांच्या पुढच्या पिढीसाठी. संमतीपत्र सोप्या भाषेत, वाचून दाखवून घ्यायचं आणि 'माझी मुलाखत काढून टाका' असं नंतर म्हणण्याचा हक्क त्यात लिहायचा. मुलांचे चेहरे आणि पूर्ण नावं पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही नकोत. एकाकी, बिनपहाऱ्याच्या जागी मूर्ती किंवा भित्तिचित्रं असतील, तर प्रसिद्ध करण्याआधी फोटोतली जीपीएस माहिती काढून टाका. चोर आणि नावं कोरणारे हौशी, दोघंही नकाशा वाचतात.

म्हणजे इथवरचा हिशेब असा: नोंद आणि ती दाखवण्याचं साधन वेगळं ठेवायचं, प्रत्येक वाक्याचा उगम लिहायचा, मूळ फायली आपल्याकडे ठेवायच्या आणि काय उघडं करायचं ते ज्यांच्या मालकीचं आहे त्यांना विचारून ठरवायचं. आता पर्यटनाकडे वळू.

पर्यटक तुमच्या संकेतस्थळावर येणार नाहीत, ते शोधतात तिथे तुम्ही असायला हवं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2012 मध्ये सव्वा लाख कलाकृतींच्या मोठ्या आकाराच्या प्रतिमा मोफत उतरवून घ्यायला ठेवल्या. चांगली प्रत फुकट मिळाली तर लोक संग्रहालयात येतील का, ही शंका तेव्हाही होती. चित्रं जगभर फिरली आणि संग्रहालयाकडे ओढा कमी झाला नाही. तुमच्यासाठी त्याची लहान आवृत्ती म्हणजे उघड्या संचातले निवडक फोटो मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या फोटोसंग्रहावर टाकणं आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या मोफत नकाशावर गाव नीट भरणं. स्मारकांच्या फोटोंची 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' ही स्पर्धा 2010 साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि आता अनेक देशांत भरते; मुलांना निमित्त म्हणून ती उत्तम आहे. कायदा मात्र आपापल्या देशाचा पाहा. रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काही देशांत बिनधास्त वापरता येतो, फ्रान्ससारख्या ठिकाणी आयफेल टॉवरच्या रात्रीच्या रोषणाईवरही कॉपीराइट सांगितला जातो. ड्रोनसाठी तर परवानगीशिवाय बॅग उघडूच नका.

नकाशावर फक्त स्मारकं भरू नका. पायऱ्या किती, व्हीलचेअर जाते का, पिण्याचं पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, शेवटची बस कधी. मी हाताळलेल्या पानांवर लोक इतिहासापेक्षा हेच आधी शोधतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. स्वच्छतागृह सापडलेला माणूस तटबंदीवर अर्धा तास जास्त थांबतो.

मुलांना गाईड म्हणून उभं करण्याची कल्पना तुम्ही शेवटी घाबरत घाबरत लिहिलीय. मी ती पहिल्या क्रमांकावर ठेवली असती. इटलीत नेपल्सला 1992 पासून 'शाळा स्मारक दत्तक घेते' असा उपक्रम चालत आलाय: शाळेने एक इमारत किंवा चौक दत्तक घ्यायचा, त्याचा अभ्यास करायचा आणि ठरलेल्या दिवसांत मुलांनीच लोकांना तो दाखवायचा. पुढे इटलीतल्या इतर शहरांनीही तो उचलला. ज्या मुलीने चौकटीची नोंद केली तीच बोट ठेवून 'इथून खाली लाकूड नवं आहे' म्हणते, तेव्हा कोणत्याही ध्वनिफितीपेक्षा लोक जास्त ऐकतात. फक्त ते अभ्यासाचा भाग म्हणून, मोजक्या दिवशी आणि मोठ्या माणसाच्या सोबतीने व्हावं. दर रविवारी फुकट राबणारे गाईड असं त्याचं रूप होऊ देऊ नका.

आणि किती लोक आलेले चालतील, हे लोक यायच्या आधी ठरवा. फ्रान्समधली लास्को गुहा 1948 साली लोकांसाठी उघडली. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ओल आणि उजेड यांनी चित्रं बिघडू लागली, म्हणून 1963 मध्ये ती बंद करावी लागली. लोक आता प्रतिकृती बघतात. पहिली 1983 ची, संपूर्ण गुहेची 2016 ची. व्हेनिसने 2024 पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांना शुल्क लावलं, सुरुवातीला 5 युरो. तुमच्या गावाला ही वेळ येण्याची चिन्हं नाहीत, पण अरुंद गल्लीतल्या राहत्या घराचा फोटो गाजला तर त्या घरातल्यांच्या दारात रोज माणसं उभी राहतात. राहत्या घरांवर क्यूआर फलक लावायचे की नाही, हे त्या घरांनी ठरवावं.

राहिली पडद्यावर उभी राहणारी तटबंदी. ती करूच नका असं मी म्हणत नाही. पण पाया किती उरलाय, उंचीचा काही पुरावा आहे का, जुनी रेखाचित्रं आहेत का, यावर ते अवलंबून आहे. संगणकीय पुनर्रचनेसाठीच्या 2009 च्या 'लंडन चार्टर' या मार्गदर्शक तत्त्वांचा गाभा एवढाच आहे की पुराव्यावर काय उभं आहे आणि कल्पनेवर काय, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. बुरुजाचा पाया सापडलाय पण माथ्याबद्दल काहीच माहिती नाही, तर पाया भरीव रंगात आणि माथा फिकट पारदर्शक दाखवा. पुरावा अगदीच तोकडा असेल, तर चांगल्या चित्रकाराचं एक रेखाचित्र आणि खाली 'अंदाजे' असा शब्द, एवढ्यावर भागवा. ते फलकावरही बसतं आणि त्याला बॅटरी लागत नाही.

वर्षाची आखणी मी अशी करीन. पहिले दोन महिने तक्ता, संमतीपत्र आणि एकाच गल्लीवर सराव. पुढचे पाच-सहा महिने नोंदी, पावसाळा पाहून. त्यानंतर साधं संकेतस्थळ, नकाशा, मोजके फलक. क्यूआर फलकावरचा पत्ता शाळेच्या किंवा नगरपालिकेच्या स्वतःच्या डोमेनचा हवा, कोणत्याही फुकट सेवेचा आखूड दुवा नको. ती सेवा बंद झाली की सगळे फलक मुके होतात. निधीतला साधारण पाचवा हिस्सा पुढच्या काही वर्षांच्या डोमेन, होस्टिंग आणि फलक-दुरुस्तीसाठी बाजूला काढा. देणाऱ्यांना तो खर्च वर्षातच संपवून हवा असेल, तर ही रक्कम आगाऊ भरता येते का ते आत्ताच विचारा, मार्चमध्ये नको. कंत्राट द्यावं लागलंच, तर त्यात एक कलम लेखी घ्या: सर्व मूळ फायली, कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवाचून उघडतील अशा खुल्या स्वरूपात, अंतिम हप्त्याच्या आधी शाळेच्या हार्ड डिस्कवर.

आणि गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांना पहिल्याच बैठकीला बोलवा. तुमची बदली होऊ शकते, मुलं तर दहावीनंतर जाणारच.